‘आम्ही’ आणि ‘आपण’

बोटीवर नोकरी करणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण २०१७ सालच्या नाताळात रजेवर घरी आला होता. सणाची गर्दी ओसरल्यावर एका संध्याकाळी तो आम्हांला भेटावयास आला. बोलता बोलता बोटीवरील सोबत्यांचा विषय निघाला. त्यांतले बरेचसे फिलिपिन्सचे. ‘‘फादर, माणसं फार भाविक. भर समुद्रातसुद्धा रोझरी चुकवीत नाहीत,’’ तो सांगू लागला. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘पण त्यांच्या देशात पोलीस रात्री घरात शिरून माणसं मारतात, आणि हे लोक त्या अध्यक्षाचंच कौतुक करतात. मी विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे लोकशाही आता कुठे सुरू झाली आहे.’’

आम्ही तत्काळ उत्तर दिले, ‘‘बाबा रे, ही लोकशाही नव्हे. लोक भुलले आहेत.’’ तो गप्प बसला. निघताना मात्र दारात उभा राहून हळूच म्हणाला, ‘‘खरं सांगू फादर? मलाही वाटतं, आपल्याकडे असाच एखादा माणूस पाहिजे.’’

त्या रात्री आम्हांला लवकर झोप आली नाही. आमचे उत्तर पुस्तकी दृष्ट्या चुकीचे नव्हते. पण त्या तरुणाच्या मनाला त्याचा स्पर्शही झाला नव्हता. एखाद्याला ‘भुललेला’ म्हटले की संभाषण संपते. सांगणारा शहाणा ठरतो आणि ऐकणारा मनातले मनातच ठेवून घरी जातो. म्हणून तो प्रश्न आम्ही पुन्हा हाती घेतला. लोकानुनयी पक्षांच्या आणि बळजोर नेत्यांच्या मागे जाणारा मतदार खरोखरच लोकशाही नाकारीत असतो काय? नसेल, तर तो चुकतो कोठे? आणि बहुसंख्यांनी मान्य केले एवढ्याने एखादे कृत्य न्याय्य ठरते काय?

या प्रश्नांची चर्चा फिलिपिन्सच्या संदर्भातच करणे उचित होईल. एक तर तो आशियातील सर्वांत मोठा कॅथलिक देश; तेथील दहापैकी सुमारे आठ माणसे आपल्याच श्रद्धेची आहेत. शिवाय तो देश आपल्याला सर्वस्वी परका नाही. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनी फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा मनिला येथेच घेतली आणि तेथूनच ते १५९३ साली जपानला गेले.

एका चमत्काराची कहाणी

फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये देशात लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रे बंद झाली, विरोधक तुरुंगात गेले. विरोधी नेते बेनिग्नो आक्विनो २१ ऑगस्ट १९८३ रोजी परदेशातून परतले, तेव्हा मनिलाच्या विमानतळावरच त्यांची हत्या झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी कोराझोन आक्विनो उभ्या राहिल्या. मतमोजणीत इतकी लबाडी झाली की, मोजणीच्या संगणकांवर काम करणारे कर्मचारीच काम टाकून बाहेर पडले. अशा लबाडीने मिळविलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, असे तेथील बिशप परिषदेने जाहीर केले. सैन्यातील एक गट मार्कोस यांच्याविरुद्ध उभा राहताच कार्डिनल जेमी सिन यांनी कॅथलिक नभोवाणीवरून लोकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन केले. एड्सा नावाच्या हमरस्त्यावर लाखो माणसे जमली. रणगाड्यांपुढे धर्मभगिनी जपमाळा घेऊन गुडघे टेकून बसल्या. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले.

त्या वेळी आम्ही शाळकरी वयात होतो. पुढे सेमिनरीत या घटनेचा उल्लेख निघाला की, ख्रिस्तसभा लोकांबरोबर उभी राहिली तर काय घडू शकते याचे ते उदाहरण म्हणून आम्हांला सांगण्यात येई. ते उदाहरण खरेच होते. पण कहाणी तेथेच संपत नव्हती, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

जानेवारी १९८७ मध्ये, म्हणजे या क्रांतीला वर्ष पुरे होण्याच्या आत, जमिनीची मागणी करीत शेतकऱ्यांचा मोर्चा अध्यक्षांच्या प्रासादाकडे निघाला असता त्याच्यावर गोळीबार झाला आणि सुमारे डझनभर माणसे मेली. १९८८ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला खरा. पण जमिनीऐवजी कंपनीचे समभाग कुळांच्या हाती ठेवण्याची पळवाट त्यात होती, आणि अध्यक्षांच्या माहेरच्या कुटुंबाचा हजारो एकरांचा उसाचा मळा त्या पळवाटेने कुटुंबाच्याच ताब्यात राहिला. तो कुळांना वाटून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून येईपर्यंत २०११ साल उजाडले. नव्या राज्यघटनेने घराणेशाहीला मनाई केली, मात्र घराणेशाही म्हणजे काय हे ठरविण्याचे काम संसदेवर सोपविले. संसद घराण्यांचीच असल्यामुळे पुढची तीन दशके तो कायदा झालाच नाही. मतपेटी परत आली, वृत्तपत्रे मोकळी झाली. परंतु गरिबाच्या झोपडीचे छप्पर गळायचे ते गळतच राहिले. लाखो माणसे पोटासाठी परदेशी आणि बोटींवर गेली. आमच्या तरुणाचे सोबती त्यांच्यापैकीच.

गरिबांनी शिकलेला धडा

१९९८ साली जोसेफ एस्त्रादा हे चित्रपट अभिनेते अध्यक्ष झाले. आपण गरिबांसाठी आहोत, हीच त्यांची घोषणा होती आणि गरिबांनी त्यांना भरभरून मते दिली. पुढे त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले. २००७ साली न्यायालयात ते सिद्धही झाले. परंतु त्यांना पदावरून जावे लागले ते न्यायालयाच्या निकालाने किंवा मतदानाने नव्हे. संसदेतील महाभियोगाची सुनावणी मध्येच मोडली, जानेवारी २००१ मध्ये एड्सावर पुन्हा गर्दी जमली, सैन्याने पाठिंबा काढून घेतला आणि ते गेले. त्या गर्दीत सुशिक्षित मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर होता आणि ख्रिस्तसभेचे नेतृत्वही होते. तीन महिन्यांनी, एस्त्रादांना अटक होताच, मनिलाच्या झोपडपट्ट्यांतून लाखो गरीब त्याच रस्त्यावर आले आणि १ मे रोजी त्यांतले हजारो जण अध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेले. त्यांना मात्र पांगविण्यात आले. पहिल्या जमावाला ‘जनशक्ती’ म्हणून गौरविणाऱ्या कित्येकांनी दुसऱ्याला ‘झुंड’ म्हटले.

एस्त्रादा दोषी होते, याविषयी आम्हांला संशय नाही. तरीही गरीब मतदाराने या प्रकरणातून कोणता धडा घेतला असेल, याचा विचार केला पाहिजे. ‘आमचे मत मोठ्यांना पसंत असेल तोवरच मोजले जाते’ हा तो धडा. लोकशाही म्हणजे ‘त्यांची’ वस्तू. ती वापरण्याची रीतही त्यांचीच. असे ज्याच्या मनात एकदा बसले, त्याच्यापुढे नियमांचे आणि संस्थांचे कितीही गोडवे गायिले तरी ते त्याच्या कानांवरून वाहून जातात.

या पार्श्वभूमीवर मे २०१६ मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते निवडून आले. दावाव शहराचे ते वीसहून अधिक वर्षे महापौर होते. त्यांची भाषा शिवराळ; पोप फ्रान्सिस यांच्या भेटीमुळे वाहतूक कोंडली म्हणून त्यांनी पोप महोदयांनाही अपशब्द वापरले होते. ज्या मनिलात जानेवारी २०१५ मध्ये त्याच पोप महोदयांच्या मिस्साला साठ लाख लोक जमल्याचा अंदाज होता, त्या देशाने सव्वा वर्षाने दुतेर्ते यांना एक कोटी साठ लाखांहून अधिक मते दिली. अमली पदार्थांचा व्यवहार करणाऱ्यांना ठार करू, असे त्यांनी प्रचारातच सांगितले होते. त्यांनी कोणाला फसविले असे म्हणता येणार नाही.

मतदाराचे मन

येथे दोन गोष्टी नीट पाहावयास हव्यात. पहिली ही की, ज्यांना आपण ‘लोकशाहीचे विरोधक’ समजतो ते स्वतःला तसे समजत नाहीत. सोशल वेदर स्टेशन्स ही तेथील लोकमत अजमावणारी संस्था. दुतेर्ते सत्तेवर आल्यानंतर थोड्याच महिन्यांत तिने पाहणी केली, तेव्हा पाचांपैकी चारांहून अधिक माणसांनी आपल्या देशातील लोकशाहीच्या चालीविषयी समाधान व्यक्त केले. बोटीवरील ते सोबती थट्टा करीत नव्हते. राज्यकर्ता आपल्यासारखा बोलतो, आपल्या शत्रूंना झोडपतो, आपले मत खरोखर काही घडवून आणते, हा अनुभव त्यांना प्रथमच येत होता. दीर्घकाळ ज्याला कोणी विचारले नाही, त्याला कोणी विचारले की तो बाकीचे फारसे पाहत नाही. यात दोष आहे. पण दोष फक्त त्याचा नाही.

दुसरी गोष्ट याहून विचारात टाकणारी. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच संस्थेने केलेल्या पाहणीत ८५ टक्के लोकांनी अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेविषयी समाधान दर्शविले. त्याच पाहणीत ७८ टक्के म्हणाले की, आपण किंवा आपल्या ओळखीचे कोणी या हत्यांना बळी पडेल अशी आपल्याला काळजी वाटते. आणि ९४ टक्क्यांच्या मते संशयितांना जिवंत पकडणे महत्त्वाचे होते. म्हणजे हे लोक रक्ताचे तहानलेले नव्हते. एकाच माणसाच्या मनात पसंती, भीती आणि सद्‌सद्‌विवेक एकाच वेळी नांदत होते. विवेक मेलेला नव्हता. मतदान करताना त्याला कोणी हाक मारली नव्हती, इतकेच.

मग चूक नेमकी कोठे झाली? आमच्या मते ती एका लहानशा सर्वनामात आहे.

दोन सर्वनामे

मराठी भाषेने आपल्याला एक फरक शिकविला आहे, जो इंग्रजीसारख्या भाषांत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही जेवतो’ आणि ‘आपण जेवू या’ यांतले अंतर आपल्या घरातले मूलदेखील जाणते. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतही हाच फरक आहे: ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘तायो’ म्हणजे आपण.

लोकशाही हा ‘आपण’चा व्यवहार आहे. निवडणुकीत हरलेला, न आवडणारा, गुन्ह्याचा आरोप असलेला माणूससुद्धा तिच्यात आतच असतो. लोकानुनयी नेता ‘लोक’ हा शब्द पुनःपुन्हा उच्चारतो. परंतु त्याचे ‘लोक’ म्हणजे ‘आम्ही’ असतात. त्या ‘आम्ही’ला उभे राहण्यासाठी बाहेरचा कोणी तरी लागतोच. कोठे तो परप्रांतीय असतो, कोठे परधर्मीय, कोठे निर्वासित. फिलिपिन्समध्ये तो व्यसनी होता. व्यसनी ही माणसे तरी आहेत काय, असा प्रश्न २०१६ साली खुद्द अध्यक्षांनी जाहीरपणे विचारला. एकदा माणूस ‘आपण’मधून बाहेर गेला, की त्याचे काय होते याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

अध्यक्षांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबानेच कारवायांत सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मानवी हक्क संघटनांचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे. मेलेले बहुतांशी गरीब वस्त्यांतले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकान येथे १७ वर्षांचा एक शाळकरी मुलगा मारला गेला. त्याने गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. पण गल्लीतील कॅमेऱ्यात त्याला धरून नेताना दिसत होते. उद्या माझी परीक्षा आहे, मला सोडा, असे तो विनवीत होता, असे साक्षीदारांनी सांगितले. पुढल्या वर्षी तीन पोलीस खुनाबद्दल दोषी ठरले. ज्या वस्त्यांनी भरभरून मते दिली होती, तशाच एका वस्तीतला तो मुलगा. दुसऱ्या कोणासाठी म्हणून दिलेला अधिकार आपल्याच गल्लीत परत आला होता.

लोकांच्या भल्यासाठी एक माणूस मेला तर बरे, हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. तो संत योहानाच्या शुभवर्तमानात कयफाच्या तोंडी येतो. कयफा काही वेडा नव्हता. तो जबाबदार अधिकारी होता, व्यवहार पाहत होता आणि बहुसंख्यांचे हितच बोलत होता. आपण दर शुभ शुक्रवारी ज्या क्रुसापुढे गुडघे टेकतो, तो याच हिशेबाने उभा राहिला. म्हणून ख्रिस्ती माणसाला तरी हा हिशेब ‘व्यवहारी’ म्हणून मान्य करता येणार नाही. राज्य कोणी करावे, हे बहुमताने ठरवावे. कोणी जगावे, हे ठरविण्याचा अधिकार बहुमताला नाही.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट वारंवार सांगितली आहे. पोप बारावे पायस यांनी १९४४ च्या नाताळातील नभोवाणी संदेशात ‘लोक’ आणि ‘जमाव’ यांतील भेद स्पष्ट केला: लोक स्वतःच्या विवेकाने चालतात, जमावाला बाहेरून कोणी तरी हलवावे लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या परिपत्रात, मूल्ये सोडलेली लोकशाही सहज हुकूमशाहीकडे घसरते, असा इशारा दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये आणखी एक पाऊल पुढे जाऊन, लोकांचे असणे आणि लोकांना वापरणे यांत फरक दाखविला. आणि ‘लोक’ हा शब्दच टाकून देऊ नका, असेही बजाविले.

मेंढपाळाने काय करावे?

फिलिपिन्सच्या बिशपांचे हत्यांविरुद्धचे मेषपालीय पत्र ५ फेब्रुवारी २०१७ रोजी देवळादेवळांतून वाचण्यात आले. संत गोन्सालो आणि त्यांचे सोबती नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेले तोही ५ फेब्रुवारीच, १५९७ सालचा. एका बळजोर सत्ताधीशाच्या लेखी तीही ‘बाहेरचीच’ माणसे होती.

पत्र वाचले गेले. तरीही लोकांची पसंती फारशी ढळली नाही. २०२२ च्या निवडणुकीत हजाराहून अधिक धर्मगुरूंनी एका उमेदवार महिलेला उघड पाठिंबा दिला. तिला सुमारे दीड कोटी मते पडली. मार्कोस यांच्या पुत्राला तीन कोटींहून अधिक. मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते यांना अटक होऊन हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या हवाली करण्यात आले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, ते तेथे कोठडीत असताना, दावावच्या मतदारांनी त्यांना पुन्हा महापौर म्हणून निवडून दिले. न्यायालय एका माणसाचा न्याय करू शकते. मतदाराच्या मनातील जखमेवर त्याच्याकडे औषध नाही.

त्या देशात एक वेगळी वाटही दिसली. कालोओकानचे बिशप पाब्लो व्हर्जिलिओ डेव्हिड यांनी हत्यांचा निषेध तर केलाच. त्यासाठी राजद्रोहाचा खटला ओढवून घेतला, जो पुढे निकालात निघाला. त्याशिवाय त्यांनी वस्त्यांत व्यसनमुक्तीचे काम उभे केले आणि मेलेल्यांच्या बायकामुलांना आधार दिला. ज्याला ‘आम्ही’ने बाहेर टाकले होते, त्याला त्यांनी ‘आपण’मध्ये परत घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना कार्डिनलपद मिळाले.

जुन्या करारात इस्राएलचे लोक शमुवेलाकडे राजा मागतात. शमुवेलाला ते आवडत नाही. परमेश्वर त्याला दोन गोष्टी सांगतो: लोकांचे ऐक, आणि त्यांना बजावून सांग. आम्हां धर्मगुरूंना दुसरी गोष्ट सोपी वाटते, कारण प्रवचनपीठ हाताशी असते. पहिली अवघड जाते.

म्हणून पुढच्या रजेत तो तरुण आला तेव्हा आम्ही त्याला आधी विचारले, ‘‘असा माणूस तुला का हवासा वाटतो?’’ मग तो बोलू लागला. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी त्याच्या वडिलांनी एका कचेरीत दोन वर्षे खेटे घातले होते. दरवेळी नवा कागद मागण्यात आला. शेवटी पाकीट गेले तेव्हा काम झाले. म्हाताऱ्या बापाला एका पोरसवदा कारकुनासमोर हात जोडून उभे राहिलेले त्याने पाहिले होते. आम्ही त्या कुटुंबाच्या घरी कितीदा तरी गेलो होतो, आशीर्वाद दिला होता, चहा घेतला होता. हे आम्हांला ठाऊक नव्हते.

‘‘तुझा राग योग्य आहे,’’ आम्ही म्हणालो. ‘‘पण ज्याच्या हाती तू न विचारता मारण्याची सत्ता देशील, त्याच्या दारातही एक कारकून बसलेला असेल. तेव्हा तुझे बाबा कोणाकडे दाद मागतील?’’ त्याने लगेच मान डोलावली नाही. म्हणाला, ‘‘विचार करतो, फादर.’’ आम्हांला ते उत्तर पुरेसे वाटले.

वाचकहो, कोणाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु मतदानास जाण्यापूर्वी प्रत्येक घराने जेवणाच्या पानावर तीन प्रश्नांची चर्चा करावी, असे सुचवावेसे वाटते. हा उमेदवार ‘लोक’ म्हणतो तेव्हा त्यातून कोणाला वगळतो? तो मागत असलेली सत्ता उद्या आपल्या मुलाविरुद्ध वापरली गेली तर चालेल काय? आणि तो चुकला तर त्याला थांबविणारे कोणी तो शिल्लक ठेवील काय? त्याचबरोबर, ज्याचे मत आपल्याला मुळीच पटत नाही अशा शेजाऱ्याला एकदा विचारावे की, बाबा, तुझे काय दुखते?

या लेखात आम्ही स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा केला आहे. लेखनाची ती जुनी रीत आहे. पण त्या पहिल्या संध्याकाळी, ‘लोक भुलले आहेत’ असे म्हणताना, आमच्या तोंडी आलेला ‘आम्ही’ निव्वळ रीतीचा नव्हता. त्या तरुणाला आम्ही बाहेर उभे केले होते, हे येथे कबूल करतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत ‘माझे’ हा शब्द कोठेही नाही. रोजची भाकर मागतानासुद्धा ती सर्वांसाठी मागावयाची आहे. त्या पंगतीत कोण बसेल आणि कोण नाही, हे ठरविण्याचा अधिकार परमेश्वराने ना राजाला दिला, ना बहुमताला, ना आम्हां धर्मगुरूंना.